ड्रॉइंग बरोबर होतं

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड या गावी एक जुनं सरकारी शस्त्रागार होतं. १९०३ सालच्या नमुन्याची पायदळाची रायफल तिथे बनत असे. तिचा रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि स्फोटाचा दणका जो झेलतो तो पोलादी सांगाडा, भट्टीत लाल करून घडवला जाई आणि मग त्याला पाणी दिलं जाई. भट्टीवर वर्षानुवर्षं काढलेले कसबी लोहार होते. तापमान मोजायला यंत्र नव्हतं; पोलादाच्या रंगावरून ते अंदाज घेत, आणि त्या अंदाजावर सगळ्यांचा भरवसा होता. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, काम वाढलं, आणि काही रायफली गोळी झाडताना फुटल्या. चौकशी झाली. निघालं ते असं, की लख्ख उजेडाच्या दिवशी लाल पोलाद डोळ्यांना फिकं वाटे, म्हणून ते आणखी तापवलं जाई. आभाळ भरून आलं की तेच पोलाद झगझगीत दिसे आणि लवकर बाहेर निघे. दोन दिवसांच्या 'बरोबर' तापमानात ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत फरक पडत होता. स्वच्छ उजेडात घडलेले काही रिसीव्हर जळक्या पोलादाचे, काचेसारखे ठिसूळ निघाले होते.

भट्ट्यांवर तापमान मोजणारे पायरोमीटर बसले. १९१८ च्या फेब्रुवारीत पाणी देण्याची पद्धत बदलली. पण तोवर स्प्रिंगफील्डच्या ८,००,००० क्रमांकापर्यंतच्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ क्रमांकापर्यंतच्या रायफली जुन्या पद्धतीने बनून गेल्या होत्या. म्हणजे दहा लाखांच्या वर. त्यातल्या फुटलेल्यांची जी नोंद ज्युलियन हॅचर या लष्करी शस्त्रतज्ज्ञाने पुढे केली, ती काही डझनांची आहे. बाकीच्या बहुतेक चांगल्या होत्या. पंचाईत एवढीच होती, की चांगली कोणती आणि ठिसूळ कोणती हे बाहेरून ओळखण्याचा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग नव्हता. त्या क्रमांकांच्या रायफली आजही संग्राहकांच्या कपाटात असतात आणि त्यातून गोळी झाडावी की नाही यावर आजही भांडणं होतात.

आता खापर कुणावर फोडायचं? पहिलं उत्तर तोंडात तयारच असतं: कारखान्यावर. रायफलचं डिझाइन तर जर्मन माउझरच्या इतकं जवळचं होतं की अमेरिकी सरकारला माउझर कंपनीला दोन लाख डॉलरपर्यंत रॉयल्टी मोजावी लागली. ड्रॉइंग बरोबर होतं, भट्टी चुकली. पण हॅचरच्याच लिखाणात दुसरी एक गोष्ट आहे. या रायफलच्या चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, मागचं तोंड नरसाळ्यासारखं उतरतं ठेवलं होतं, काडतूस सुरळीत आत सरकावं म्हणून. त्यामुळे पितळी पुंगळीच्या बुडाचा थोडा भाग आधाराविना उघडा राहत असे. पुंगळी खराब निघाली आणि तिथे फाटली, की प्रचंड दाबाचा वायू थेट रिसीव्हरमध्ये शिरे. रिसीव्हर चिवट असला तर निभावून जाई, ठिसूळ असला तर त्याचे तुकडे उडत. जर्मनांनी आपल्या १८९८ च्या माउझरमध्ये असा फुटका वायू बाजूला वळवून सैनिकाचा चेहरा वाचवण्याची चांगली सोय केली होती. शिवाय निवडलेलं पोलाद साधं कार्बन पोलाद होतं, तापमानाची चूक फारशी न खपवून घेणारं. पुढे निकेल पोलाद आलं. पोलाद कोणतं घ्यायचं हे लोहार ठरवत नाही.

म्हणजे दोष भट्टीत जन्मला, पण त्या दोषाचं पुढे काय व्हायचं, सुटा भाग भंगारात जायचा, रायफल नुसती अडकायची, की जवानाचा डोळा जायचा, हे कागदावर आधीच ठरलेलं होतं. रायफलचं डिझाइन चांगलं की वाईट हे मी इथेच पाहतो. खराब जॉब प्रत्येक कारखान्यात निघतात. त्यांच्या संख्येवरून कारखान्याबद्दल कळतं. ते निघाल्यावर शस्त्र कसं वागतं यावरून डिझाइनरबद्दल.

हा वाद पुण्याला घरचा आहे. पाषाणच्या रस्त्याने जाताना जी लांबच लांब कुंपणभिंत लागते, तिच्या आत डीआरडीओची एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था आहे. भारतीय लष्कराची इन्सास रायफल तिथे कागदावर उतरली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नमुन्यांच्या चाचण्या सुरू झाल्या. लष्कराकडे तेव्हा ७.६२ मिलिमीटरची, बेल्जियन वळणाची एसएलआर होती. तिच्या जागी ५.५६ मिलिमीटरची हलक्या काडतुसाची रायफल आणायची होती. आतलं यंत्र बरंचसं कलाश्निकोव्हच्या घराण्यातलं, वायूचा दाब कमीजास्त करण्याची सोय बेल्जियन फालसारखी, बोल्ट ओढायची मूठ डाव्या बाजूला पुढे, जर्मन पद्धतीची. एका दाबात तीन गोळ्या सुटण्याची सोय ठेवली. पूर्ण स्वयंचलित मारा रायफलमध्ये ठेवलाच नाही. मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं, २० गोळ्यांचं, आत किती उरल्या ते दिसावं म्हणून.

१९९० मध्ये रायफल स्वीकारली गेली, पण कारखान्यातून ढिगाने बाहेर पडायला ते दशक सरत आलं. मधल्या काळात रशिया, हंगेरी, रोमानिया आणि इस्रायल यांच्याकडे एकूण एक लाख कलाश्निकोव्ह वळणाच्या रायफली मागवाव्या लागल्या. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास दिसली, तेव्हाही देशात ५.५६ ची पुरेशी काडतुसं नव्हती. तीही इस्रायलकडून आली. आणि दुसऱ्याच वर्षी कारगिल.

कारगिलच्या डोंगरांवरून आलेल्या तक्रारी आता सर्वांना पाठ आहेत. रायफल अडकते. थंडीत मॅगझिनला तडे जातात. तीनच्या ठोक्यावर ठेवलेली रायफल थांबतच नाही, सुटतच राहते. गोळी झाडताना तेल उडून डोळ्यात जातं. २००१ च्या सुमारास सुधारित आवृत्ती आली, पण तक्रारी थांबल्या नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमध्ये कालिकोट जिल्ह्यातल्या पिली इथे माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत ४३ नेपाळी सैनिक मारले गेले, आणि नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्याने भारताने दिलेल्या इन्सासला निकृष्ट ठरवलं: लांबलेल्या चकमकीत ती तापून बंद पडली, असं त्याचं म्हणणं. भारतीय दूतावासाने उत्तर दिलं, की वापर आणि निगा नीट झाली नसावी, हवं तर प्रशिक्षण देतो. २०१४ मध्ये गडचिरोली-बस्तरसारख्या भागात वावरणाऱ्या सीआरपीएफने इन्सास बदलून मागितली. तेव्हाचे महासंचालक दिलीप त्रिवेदी यांनी एके-४७ च्या तुलनेत ती जास्त अडकते असं उघड सांगितलं. पुढच्या वर्षी सरकारने काही रायफली बदलून दिल्याही.

या साऱ्यात प्रत्येकाकडे आपापलं उत्तर होतं, कारण कामच तसं वाटून दिलेलं होतं. पाषाणला ड्रॉइंग. ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीला उत्पादन. तपासायला डीजीक्यूए हे तिसरंच खातं. वापरायला लष्कर. काडतूस आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातलं. ड्रॉइंगचा पक्का संच सीलबंद ठेवणारा एक वेगळा अधिकारी असतो, आणि एखाद्या पिनेच्या मापात कारखान्याला बदल सुचवायचा तर त्या दारावरून जावं लागतं. आपल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जे दोन वाक्यांचं भांडण रोज होतं तेच इथे पंधरा वर्षं चाललं. एकजण म्हणतो, ड्रॉइंग बरोबर आहे, जॉब चुकलाय. दुसरा म्हणतो, जॉब ड्रॉइंगप्रमाणे आहे, ड्रॉइंगच चुकलंय. फरक एवढाच, की पुण्याजवळच्या भोसरीत हे भांडण जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिटतं, कारण गिऱ्हाईक दुपारी माल न्यायला येणार असतं.

भोसरीचं नाव निघालंच आहे, तर तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हातात घेऊन पाहिलेल्या गेजबद्दल सांगतो, कारण हा सगळा वाद त्या वितभर दांड्यात मावतो. भोक तपासायचा गेज म्हणजे दोन तोंडांचा गुळगुळीत पोलादी दांडा. एक तोंड 'गो', दुसरं 'नो-गो'. 'गो' आत सरकलं पाहिजे, 'नो-गो' दारातच अडलं पाहिजे. आकडा वाचायचा नाही, हिशेब करायचा नाही. 'नो-गो' तोंड मुद्दाम आखूड केलेलं असतं, म्हणजे पाळीवर बसलेल्या मुलाला न बघताही बोटांना कळावं की आपण कोणतं टोक धरलंय. रायफलच्या चेंबरची खोली तपासायचे गेज याच तत्त्वाचे: एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. आणि गेजही झिजतो. हजारो भोकांत जाऊन 'गो' तोंड बारीक होतं, मग ते लहान भोकंही पास करू लागतं. म्हणून गेज तपासायला आणखी एक गेज असतो, कपाटात, कुलपात.

या गेजच्या दोन तोंडांतला फरक म्हणजे सूट. अमुक माप, अधिकउणे इतकं चालेल. ही सूट कारखाना ठरवत नाही, ड्रॉइंग काढणारा ठरवतो. समजा पाच भाग एकापुढे एक बसायचे आहेत आणि पाचही भाग सुटीच्या एकाच टोकाला आहेत. प्रत्येक भाग गेजमधून पास. शिक्का बसला. जोडल्यावर मात्र रायफल अडकते. उत्पादनात दोष शून्य, सगळे कागद स्वच्छ, आणि बंदूक निकामी. ही चूक फक्त ड्रॉइंगची असते, आणि तिचा शोध लावणं सर्वांत कठीण, कारण दोषी भाग म्हणून दाखवायला कुणाच्या हातात काही येत नाही. उलट सूट इतकी बारीक दिली की कारखान्यातल्या यंत्रांना ती पेलतच नाही, तर ढिगाने रिजेक्शन निघतं. मग महिन्याचं टार्गेट डोक्यावर असलेला कुणीतरी 'डेव्हिएशन'वर सही करतो. कागदोपत्री तो उत्पादनदोष. माझ्या मते त्यातला निम्मा दोष त्या माणसाचा, ज्याने स्वतः कधी त्या यंत्रावर उभं न राहता माप लिहिलं.

कलाश्निकोव्हच्या बाबतीत एक गैरसमज जगभर पसरलेला आहे. एके-४७ ढिसाळ मापाची असते, म्हणून चालते, असं लोक कौतुकाने सांगतात. ते खरं नाही. तिच्यात मोकळीक भरपूर आहे. बोल्ट वाहून नेणारा भाग रिसीव्हरमध्ये सैल धावतो, मळ आणि वाळूला बाजूला व्हायला जागा आहे, आणि सरकणारं वजन एवढं आहे की थोडी घाण असली तरी ते थांबत नाही. पण बोल्ट जिथे कुलूपबंद होतो आणि काडतूस जिथे बसतं, तिथलं माप काटेकोर आहे. मोकळीक आणि सूट यांत डिझाइनरची अक्कल दिसते: कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे मूठ आवळायची.

पण हीच रायफल सुरुवातीला कारखान्यात आपटली होती, हे कमी लोकांना ठाऊक असतं. १९४९ मध्ये सोव्हिएत लष्कराने ती स्वीकारली तेव्हा तिचा रिसीव्हर पत्रा दाबून बनवायचा होता, स्वस्त आणि झटपट. इझेव्स्कच्या कारखान्याला ते जमेना. पत्रा पाणी देताना वाकडा होई, आतले मार्ग जोडताना जागचे हलत, आणि रिजेक्शनचे ढीग लागत. शेवटी दोनएक वर्षांत पत्रा बाजूला ठेवून अख्खा रिसीव्हर घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढायचं ठरलं. जड झाला, महाग झाला, निम्म्याहून जास्त पोलाद कीस होऊन गेलं, पण जमला. पत्र्यावर परत यायला १९५९ साल उजाडलं, एकेएम नावाने, तेव्हा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा कसा दाबायचा आणि कुठे रिवेट ठोकायचं हे कारखान्याला साधलं होतं.

मग १९४९ चं डिझाइन वाईट होतं का? मिखाईल कलाश्निकोव्हच्या भक्तांना हा प्रश्न आवडत नाही. यंत्र तेच होतं, बोल्ट तोच, तत्त्व तेच. वाईट होतं ते एवढंच, की ज्या कारखान्यात ते बनायचं होतं त्या कारखान्याला ते बनवता येत नव्हतं. सोव्हिएत व्यवस्थेत इतर अनेक गोष्टींवर बोलता येत नसे, पण इथे त्यांनी एक शहाणपण केलं: कारखान्याला शिव्या घालत बसण्यापेक्षा ड्रॉइंग बदललं. दहा वर्षांनी कारखाना सुधारल्यावर पुन्हा बदललं. आपल्याकडच्या व्यवस्थेला नेमकं हेच जमलं नाही असं मला वाटतं. इझेव्स्कला ड्रॉइंग आणि भट्टी एका छताखाली बोलत होत्या.

उलट टोकाचं उदाहरण कॅनडाचं. पहिल्या महायुद्धात कॅनडाचं सैन्य रॉस नावाची रायफल घेऊन फ्रान्समध्ये उतरलं. संरक्षणमंत्री सॅम ह्यूज यांचा तिच्यावर फार जीव होता. निशाणीच्या स्पर्धेत ती खरोखर उत्तम होती: काटेकोर चेंबर, सरळ मागे ओढायचा बोल्ट. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत कॅनडाच्या सैनिकांना चिखलात, विषारी वायूत आणि घाईघाईत बनलेल्या ब्रिटिश काडतुसांनी ती चालवावी लागली. ती काडतुसं जाड-बारीक होती. ब्रिटिशांच्या ली-एनफील्डला चालून जात, रॉसच्या तंग चेंबरमध्ये अडकत. बोल्ट बुटाने लाथ मारून उघडावा लागे. सैनिकांनी पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड उचलल्या. त्यातून आणखी भयंकर म्हणजे या रायफलचा बोल्ट साफ करून परत जोडताना चुकीचा जोडता येत होता. तो तसाच आत जाई, रायफल गोळीही झाडे, फक्त बोल्ट कुलूपबंद झालेला नसे आणि उलट सैनिकाच्या तोंडावर येई. १९१६ मध्ये ती पायदळातून काढून घेतली. निशाणबाजांनी मात्र ती ठेवली, कारण निवडक काडतुसं आणि स्वच्छ हात मिळाले की तिच्यासारखी दुसरी नव्हती. इथे कारखान्याला दोष देणं अवघडच आहे. ड्रॉइंगप्रमाणे बनलेली चांगली वस्तू होती ती, फक्त लढाई ड्रॉइंगप्रमाणे झाली नाही.

काडतुसाचा विषय निघाला की व्हिएतनाम येतंच. यूजीन स्टोनरची एम-१६ १९६० च्या दशकात अमेरिकी सैन्यात आली ती हलकी, नेमकी आणि मूळ दारूवर व्यवस्थित चालणारी. मग लष्कराने काडतुसातली दारू बदलली. लांबट कणांच्या दारूऐवजी गोल कणांची दारू भरायला सुरुवात केली. तिने वेग मिळे, पण यंत्राची चाल ठरवल्यापेक्षा जलद होई आणि काजळी जास्त धरे. चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नाही. साफ करण्याचं सामान पुरेसं पाठवलं नाही, आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरू दिला. व्हिएतनामच्या दमट हवेत पुंगळ्या चेंबरमध्ये चिकटल्या. मेलेल्या सैनिकांच्या हातात साफसफाईची काठी घातलेल्या रायफली सापडल्याच्या गोष्टी अमेरिकेत पोचल्या आणि १९६७ मध्ये काँग्रेस सदस्य रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने लष्कराच्या कारभारावर अतिशय कडक अहवाल दिला. क्रोम आलं, बफर बदलला, साफसफाईचं सामान आलं, विल आइसनर या व्यंगचित्रकाराकडून सैनिकांसाठी सचित्र पुस्तिकाही काढून घेतली. तीच रायफल थोड्याफार फरकाने आजही चालते आहे. स्टोनरला इतिहासाने निर्दोष सोडलं. मी पूर्ण सोडणार नाही. वापरलेला वायू सरळ बोल्टच्या घरात सोडणारं यंत्र दारूच्या बदलाला एवढं हळवं असणार, हे डिझाइनचंच लक्षण आहे. पण सांगितलेली दारू बदलायची आणि मग यंत्राला नावं ठेवायची, हा लष्करी खरेदी खात्याचा गुन्हा त्याहून मोठा.

ब्रिटिशांची एसए-८० या सगळ्या गुंत्याचा नमुना म्हणून ठेवावी अशी आहे. १९८५ मध्ये ती स्वीकारली. यंत्र अमेरिकन आर्मालाइट एआर-१८ वरून घेतलेलं, जे मुळात चांगलं होतं. फक्त मॅगझिन चापाच्या मागे नेऊन रायफल आखूड केली. उत्पादन एनफील्डच्या शाही कारखान्यात, जो त्याच काळात खासगी कंपनीला विकला गेला आणि १९८८ मध्ये बंद झाला. दारावर कुलूप लागणार हे माहीत असलेल्या कामगारांनी नव्या रायफलच्या पहिल्या खेपा बनवल्या, मग काम नॉटिंगहॅमला हललं. १९९१ च्या आखाती युद्धात वाळवंटात तिचे सगळे अवगुण एकदम बाहेर आले. फायरिंग पिनेचं टोक मोडणं, प्लॅस्टिकचे भाग सुटणं. किडे पळवायचं मलम हाताला लावलेल्या सैनिकाने धरली तर प्लॅस्टिक विरघळायचं. मॅगझिन सोडायचं बटन छातीला घासून दाबलं जाई आणि मॅगझिन खाली पडे.

यातलं काय कुणाचं? पिनेचं टोक मोडणं हे पोलादाचं आणि पाणी देण्याचं, कारखान्याचं. बटन छातीला लागणं हे शुद्ध डिझाइनचं. कितीही सुबक बनवलं तरी ते छातीलाच लागणार. मलमाने विरघळणारं प्लॅस्टिक हे दोघांच्या मधलं: ते निवडणाऱ्याला सैनिक मलम लावतो हे ठाऊक असायला हवं होतं. २००० नंतर हेक्लर अँड कोख या जर्मन कंपनीने, जी तेव्हा गंमत म्हणजे ब्रिटिशांच्याच मालकीची होती, दोन लाख रायफली सुमारे ९ कोटी २० लाख पौंडांत सुधारून दिल्या. बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, हॅमर, स्प्रिंगा, वायूचे भाग, ओढायची मूठ, मॅगझिन, सगळं नवं. नंतर ती चांगलीच चालू लागली. एसए-८० चे वकील तेव्हापासून म्हणतात, बघा, तत्त्व तेच राहिलं, म्हणजे डिझाइन चांगलं होतं आणि उत्पादन वाईट. हा युक्तिवाद मला पटत नाही. रायफलचं तत्त्व रुमालावरही काढून दाखवता येतं. डिझाइन म्हणजे प्रत्येक स्प्रिंगचा जोर, प्रत्येक धारेचा कोन, प्लॅस्टिकची जात. जे जे बदलावं लागलं ते ते सगळं कुणाच्या तरी ड्रॉइंगवर होतं.

याच चाळणीतून इन्सासच्या तक्रारी काढल्या तर त्या एका रांगेत बसत नाहीत. मॅगझिनला थंडीत तडे: एखादी खेप खराब प्लॅस्टिकची असेलही, पण भारतीय लष्कर १९८४ पासून सियाचीनवर बसलेलं आहे. थंडी ही कारगिलची बातमी नव्हती. ज्या रायफलच्या चाचण्या त्याच दशकात झाल्या, तिचं प्लॅस्टिक कुठल्या तापमानाला तडकतं हे विचारणं ड्रॉइंग-खोलीचं काम होतं. तीनच्या ठोक्याचंही तसंच. तीन गोळ्या मोजायच्या म्हणजे चापाच्या यंत्रात दातेरी चाक आणि जास्तीचे इवलेसे भाग आले. त्यांच्या दात्यांना पाणी कमी पडलं किंवा धार बोथट राहिली, तर मोजणी चुकणार. कारखान्याने दाते नीट बनवायला हवेत हे खरंच. पण दाता चुकला की रायफल थांबावी की सुटतच राहावी, हे मुळात डिझाइनरने ठरवायचं असतं, आणि गोळी झाडणाऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या जवानाच्या दृष्टीने त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेने एम-१६ च्या नव्या आवृत्तीत हाच तीनचा ठोका घातला होता. त्यातलं चाक तर मधेच चाप सोडला तर पुढच्या वेळी उरलेल्या गोळ्यांपासूनच मोजायला लागे. नंतर त्यांच्या सैन्याने तो काढून टाकला.

तेल डोळ्यात उडतं या तक्रारीवर 'जवान जास्त तेल घालतात' असं उत्तर दिलं जातं. घालतात. जगातला प्रत्येक जवान जास्त तेल घालतो, विशेषतः रायफल अडकते अशी तिची ख्याती झाल्यावर. जास्तीचं तेल कुठे जाणार याचा विचार झाकणाच्या आणि फटींच्या आखणीत व्हायला हवा.

पिलीच्या बाबतीत मात्र मी दूतावासाच्या बाजूने थोडासा झुकतो. तासन् तास सतत मारा केला की कुठल्याही हलक्या नळीची रायफल तापते, आणि ती मशीनगनसारखी वापरण्यासाठी नसते. म्हणजे ४३ माणसं रायफलमुळे गेली असं म्हणणं घाईचं आहे. तरीही 'नीट निगा राखली नाही' हे वाक्य वाचताना व्हिएतनाम आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही सैनिकांना आधी हेच सांगितलं गेलं होतं.

इन्सासच्या बाजूनेही बोलायला हवं. तिच्या नेमकेपणाबद्दल वापरणाऱ्यांचं मत बरंच चांगलं आहे, मैदानावर तिने निशाणी साधणारे तिला नावं ठेवत नाहीत, आणि स्वतःची रायफल कागदापासून काडतुसापर्यंत बनवायचा देशाचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. पहिल्या प्रयत्नात दोष असणारच. पण १९९९ मध्ये डोंगरावर, २००५ मध्ये नेपाळात आणि २०१४ मध्ये जंगलात अडकण्याचीच तक्रार येते, मधे सुधारित आवृत्ती येऊन जाते, तीन वेगवेगळ्या गावांत ती बनत असते, तेव्हा 'एका खेपेत गडबड झाली' हे कारण टिकत नाही. पंधरा वर्षं टिकलेला उत्पादनदोष हा उत्पादनदोष राहत नाही. बनवता न येणारी वस्तू आखल्याचा तो पुरावा असतो. किंवा, पाषाणवर अन्याय नको म्हणून दुसरी शक्यता: बनवता येईल अशी वस्तू आखली होती, पण ईशापूरहून पुण्याला परत येणारी वाटच व्यवस्थेत ठेवलेली नव्हती. माझा कौल दुसऱ्या शक्यतेकडे जास्त आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यात ही वाट आखूड होईल असं सांगितलं गेलं. रायफली कानपूरच्या कंपनीकडे गेल्या आणि दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आलं. ड्रॉइंगवाले आणि भट्टीवाले एका टेबलावर बसतात का, हे अजून दिसायचं आहे.

याचं उत्तर अमेठी जिल्ह्यात कोरव्याला मिळू शकतं. तिथे भारत-रशिया भागीदारीत एके-२०३ बनते. डिसेंबर २०२१ च्या कराराप्रमाणे ६ लाखांहून जास्त रायफली तिथून निघायच्या आहेत, आणि रशियन भाग जोडण्यापासून हळूहळू पूर्ण भारतीय बनावटीपर्यंत जायचं ठरलं. इथे ड्रॉइंगबद्दल वाद घालायला जागाच नाही. त्याच घराण्यातल्या रायफली इझेव्स्कच्या भट्टीतून निघून जगभर वापरात आहेत.

म्हणून कोरव्याच्या मालाची परीक्षा नुसत्या गोळ्या झाडून घेऊ नये. १७८५ मध्ये पॅरिसला ऑनोरे ब्लां या बंदूककाराने बंदुकीच्या कळीचे सुटे भाग खणाखणांच्या पेटीत मांडून ठेवले होते. अमेरिकेचा वकील म्हणून तिथे असलेल्या थॉमस जेफरसनने हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही कळी जोडून पाहिल्या आणि त्या चालल्या, असं त्याने मायदेशी कळवलं. तशीच परीक्षा घ्यावी. कोरव्याच्या दहा आणि इझेव्स्कच्या दहा रायफली उघडाव्यात, भाग एका ढिगात मिसळावेत, आणि वीस रायफली परत जोडून लडाखच्या थंडीत आणि राजस्थानच्या धुळीत वरणगावच्या काडतुसांनी चालवाव्यात. त्यातल्या कोणत्या अडकल्या, आणि अडकलेल्यांत कोणता भाग कुणाचा होता, हे लिहून काढायला एक पान पुरतं.